साळिंदरकाकूंचा नेम आणि पिंजऱ्याची गाडी

एका जंगलात एक साळिंदरराव राहत होते आणि त्यांच्याकडे मागची सीट नसलेली एक लाल गाडी होती.

हसू नका, मुलांनो. नीट मांडी घालून बसा. गोष्ट सीटची नाही, साळिंदररावांच्या बायकोची आहे.

सगळं जंगल तिला साळिंदरकाकू म्हणायचं. काकू स्वभावाने गरीब. बिळाच्या तोंडाशी तुळस, आत देव्हारा, देव्हाऱ्यात पितळी बाळकृष्ण. कुणाचं पिल्लू आजारी पडलं की काकू उपास धरायच्या. पिल्लू औषधाने बरं व्हायचं, पण काकूंना वाटायचं, आपलाही थोडा हातभार लागला.

दर चातुर्मासात काकू एक नेम करायच्या. चार महिने काहीतरी सोडायचं. गेली सात वर्षं त्या कारली सोडत होत्या.

यंदा आषाढात नणंद आली आणि म्हणाली, "वहिनी, कारली तर तुला आवडतच नाहीत. मग देवाला नेमकं काय दिलंस?"

काकूंना ते फार लागलं. त्या रात्रभर तळमळल्या आणि सकाळी आंघोळ करून देवापुढे बसल्या. "देवा," त्या म्हणाल्या, "यंदा चार महिने मी खोटं बोलणं सोडलं. अगदी छोटंसुद्धा."

मुलांनो, कारली परवडली असती.

आता गाडीचं ऐका. ही गाडी आधी एका बिबट्याची होती. बिबट्याचं पोट सुटलं, तो गाडीत मावेना, म्हणून साळिंदररावांनी ती घेतली. तेव्हा ती चांगली घरंदाज गाडी होती. मागे सीट होती, गार हवा होती, गाणी होती. पण साळिंदररावांना माळावरच्या शर्यतीचं वेड लागलं. गाडी हलकी करायची म्हणून त्यांनी मागची सीट काढली. एसी काढला, रेडिओ काढला, हॉर्न काढला. खाली अंथरलेला गालिचासुद्धा उचकटला. एके दिवशी पुढे चिकटवलेला छोटा गणपतीही काढून त्यांनी काकूंच्या हातात दिला.

"अहो, हा कशाला काढलात?"

"पन्नास ग्रॅम वजन वाचतं."

काकूंनी एकदा गणपतीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या पोटाकडे.

मग गाडी उलटली तर डोकं फुटू नये म्हणून साळिंदररावांनी आतून लोखंडी गजांचा पिंजरा बसवून घेतला. गाडी उलटलीसुद्धा. एकदा नाही, दोनदा. मागच्या दसऱ्याच्या शर्यतीत ती वारुळावर चढली आणि साळिंदरराव अकरा काटे गमावून घरी आले.

दर शर्यतीला काकू देव पाण्यात ठेवायच्या. नवरा धडपणे घरी येईपर्यंत बाळकृष्ण तांब्याच्या ताम्हनात गळ्यापर्यंत बुडालेला. "देवाला सर्दी व्हायची वेळ आली हो," काकू म्हणायच्या. "आता पुरे करा."

यंदा त्या रडल्याच. तेव्हा साळिंदररावांनी मिशांवरून पंजा फिरवला.

"बरं. विकू गाडी. पण तूच विकायचीस. दसऱ्याच्या आत विकलीस, तर शर्यत कायमची सोडली. नाही विकली गेली, तर दसऱ्याला मी माळावर."

"नक्की?"

"देवाशप्पथ."

काकूंना आनंद झाला. साळिंदररावांना त्याहून जास्त झाला. कारण चातुर्मास चालू होता आणि काकूंचा नेम त्यांना ठाऊक होता. खरं बोलून जुनी गाडी विकल्याचं त्या जंगलात कुणी ऐकलं नव्हतं.

काकू टकाचोराकडे गेल्या. टकाचोर म्हणजे लांब शेपटीचा एक पक्षी. जंगलातले सगळे जुन्या गाड्यांचे सौदे तो करायचा.

"काही काळजी करू नका काकू," तो फांदीवर झुलत म्हणाला. "आपण लिहू, एकाच पंज्याखालची गाडी. बाईमाणसाने हळू चालवलेली. फक्त देवळापर्यंत नेलेली."

"पण मी ती कधी चालवलीच नाही."

"देवळात तर जाता ना?"

"पायी जाते."

टकाचोराने डोळे मिटले. "मग तुम्ही नुसत्या गप्प बसा. मी बोलतो."

"गिऱ्हाइकाने मलाच विचारलं तर?"

"काकू, तुम्हाला गाडी विकायची आहे की मोक्ष पाहिजे?"

काकू विचारात पडल्या. "दोन्ही जमलं तर बरं," त्या हळूच म्हणाल्या.

शेवटी जाहिरात काकूंनीच सांगितली आणि टकाचोराने कपाळाला पंख लावून ती पिंपळाच्या खोडावर लिहिली.

'विकणे आहे. लाल गाडी. दोनदा उलटलेली, एकदा वारुळावर चढलेली. मागे सीट नाही. एसी, हॉर्न, रेडिओ नाही. आत लोखंडी पिंजरा आहे. पुढच्या सीटला काट्यांची भोकं आहेत. फक्त शर्यतीच्या माळावर चालवता येते, रस्त्यावर चालवण्यास मनाई आहे. पळते मात्र फार. पाहायला यावे. चहा मिळेल.'

"चहाचं तेवढं धंद्याला धरून आहे," टकाचोर म्हणाला.

घटस्थापनेच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. सशाचं जोडपं आणि त्यांची नऊ पिल्लं.

"लाल रंग किती गोड आहे!" सशीण म्हणाली. "काकू, पोरं मागे मावतील ना?"

"मागे सीटच नाही गं. नुसता पत्रा आहे. पहिल्या वळणाला पोरं एकमेकांवर पडतील."

ससा बायकोला म्हणाला, "तशीही पडतातच की." पण सशिणीने काकूंचे आभार मानले, काकूंनी दिलेले राजगिऱ्याचे लाडू पोरांच्या हातात दिले आणि सगळी वरात चालती झाली.

मग एक तरुण भेकर आलं. चष्मा लावून, ऐटीत. त्याने दार उघडलं, आत डोकावलं आणि जागच्या जागी थिजलं.

"हे... हे काय आहे?"

"पिंजरा," काकू म्हणाल्या.

मुलांनो, जंगलात हा एक शब्द पुरतो. भेकर असं सुटलं की लाल गाडीलासुद्धा गाठता आलं नसतं. चष्मा तिथेच राहिला.

सप्तमी गेली, अष्टमी आली. साळिंदरराव बिळाच्या दाराशी बसून शिरस्त्राण चकाचक पुसत होते आणि शीळ घालत होते.

"खरं बोलावं माणसाने," ते बायकोला म्हणाले. "मला तुझा अभिमान वाटतो."

काकूंनी ताम्हन घासून ठेवलं. देवाकडे पाहून म्हणाल्या, "पाणी जरा कोमट करून घालीन हो यंदा."

एक सांगते, मुलांनो. त्या अष्टमीला काकूंच्या ओठांवर एक वाक्य येऊन बसलं होतं. 'गाडी छान आहे.' बस, एवढंच. तेवढ्याने नवरा वाचला असता. पण त्यांनी ते गिळलं. उपासाच्या दिवशी गिळलेलं तेवढंच.

आता जंगलात काय चाललं होतं ते पाहा. पाणवठ्यावर एकच विषय होता.

"आपल्याच गाडीला कुणी नावं ठेवतं का?"

"गिऱ्हाइकाला लाडू देऊन परत पाठवतात म्हणे."

"म्हणजे विकायची नाहीये त्यांना! नवऱ्याने जबरदस्ती केली असेल बिचारीवर."

"मग गाडीत तसंच काहीतरी असणार."

नवमीच्या सकाळी काकू सडा घालायला बाहेर आल्या, तर दारात रांग. सगळ्यांत पुढे अस्वल नानासाहेब. जंगलातली बडी असामी. त्यांच्या शेजारच्या रानडुकराने नवी गाडी घेतली होती, आणि उद्या दसरा. शेजारच्या दारात गाडीची पूजा आणि आपल्या दारात नुसता झेंडू, हे नानासाहेबांना सोसणारं नव्हतं.

"वहिनी, गाडी मी घेणार."

"नानाभाऊजी, आधी ऐका तरी. मागे सीट नाही."

नानासाहेबांचे डोळे चमकले. "म्हणजे सासुरवाडीचं कुणी बसवता येणार नाही?"

"कुणीच नाही."

"व्वा! पुढे बोला."

"दणके फार बसतात. पाठीचा मणका न् मणका कळतो."

"वैद्यांनी पाठ रगडून घ्यायलाच सांगितलंय. हॉर्न?"

"नाही."

"बरोबर. मला पाहून कोण बाजूला होत नाही?"

"पिंजरा आहे हो आत!" काकू कळवळून म्हणाल्या.

रांगेतले चारजण मागे सरले. नानासाहेबांनी क्षणभर विचार केला. "दार कुठून लागतं?"

"आतून."

"मग तो दुसऱ्यांसाठी पिंजरा आहे. मी आत, जग बाहेर."

"पण ती रस्त्यावर चालवायला मनाई आहे!"

"मला कुठे जायचंय? दारात उभी करायची आहे."

काकूंनी पदर सावरला आणि हात जोडले. "भाऊजी, मनापासून सांगते. ही गाडी तुमच्या काही कामाची नाही. घेऊ नका."

नानासाहेब गर्रकन रांगेकडे वळले. "पाहिलंत? देववत नाहीये त्यांना! जीव अडकलाय गाडीत!"

फांदीवरचा टकाचोर तोंड उघडून बघत होता. तीस वर्षांच्या धंद्यात त्याने अशी वाक्यं रचली नव्हती. त्याने त्याच दिवसापासून खरं बोलायला शिकायचं ठरवलं, पण सवय नसल्यामुळे त्याला ते जड गेलं.

चार पोळ्या मध ठरला. नानासाहेब अंग चोरून, श्वास आवळून त्या भोकाभोकाच्या सीटवर बसले आणि पक्के अडकले. "अगदी अंगाबरोबर आहे!" ते आतून ओरडले. रस्त्यावर गाडी चालवायला मनाई, म्हणून दोन गव्यांनी ती दोराने ओढत नेली. नानासाहेब गजांतून सगळ्यांना हात करत होते. मागून सशाची नऊ पिल्लं नाचत गेली.

साळिंदरराव शिरस्त्राण मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. काकूंनी रिकामं ताम्हन फळीवर पालथं घातलं. बाळकृष्णाला नवं वस्त्र नेसवलं. मग नवऱ्याजवळ येऊन बसल्या आणि लाडू पुढे केला.

"सोडली शर्यत," साळिंदरराव म्हणाले. "शब्द दिलाय." त्यांनी लाडू घेतला, पण खाल्ला नाही. "एक मात्र खरं सांग. मी गाडी चालवायचो चांगली, नाही का?"

काकूंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग देव्हाऱ्याकडे. मग पुन्हा नवऱ्याकडे.

"तुळशीचं लग्न होऊ द्या," त्या मायेने म्हणाल्या. "मग सांगते."

तात्पर्य: खरं बोलून काहीही विकता येतं, कारण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. घरात मात्र बसतो. म्हणूनच आपल्या शहाण्या पूर्वजांनी चातुर्मास चारच महिन्यांचा ठेवला आहे.