व्याह्यांची पालांका

“बाबा, आज मांस भाजायला जाळीपाशी मी उभी राहू?”

हे विचारायची लुसिलाची छातीच होणार नाही, अशी शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. तिनं विचारलं, आणि तेही भर अंगणात, डोंगर ओलांडून चिलीहून आलेल्या ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर.

ओस्वाल्दोंनी चिमट्यानं निखारे सारले. डोंगराच्या अलीकडच्या मेंदोसात बापाकडे चिमटा मागणं म्हणजे पाद्रीबाबांना ‘आज प्रवचन मी देते’ म्हणण्यासारखं. “तू सॅलड कर, राणी.”

लुसिला फणकाऱ्यानं टोमॅटो चिरायला बसली. तेवढ्यात व्याही एर्नान जाळीवर डोकावले. “सगळं झकास हो, पण पालांका दिसत नाही? आमच्याकडं पालांकेशिवाय रविवार सुना.”

हे नाव ओस्वाल्दोंनी जन्मात ऐकलं नव्हतं. पण लेकीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? “पालांका ना? ती आणायचीच राहिली,” म्हणत ते खाटकाकडे धावले. जाता जाता त्यांनी चिमटा सापडेल त्या हातात कोंबला. तो हात लुसिलाचा होता.

“नुसतं बघ. कशाला हात लावू नकोस.”

पण विस्तव थोडाच थांबतो! चरबी ठिबकली, जाळ उसळला. लुसिलानं निखारे पांगवले, तुकडे भराभर उलटले.

“पोरी, माझं तीन चतुर्थांश शिजू दे हं,” एर्नान म्हणाले.

“कशाचं तीन चतुर्थांश?” आई पुटपुटली. लुसिलाच्या घरी मांस एक तर रसरशीत, नाही तर बेताचं, नाही तर पुरतं शिजलेलं.

लुसिलानं सरळ एक मोठा तुकडा चिरून समोर धरला. “काका, यातला कुठला रंग?” एर्नाननी कडेजवळच्या फिक्या गुलाबीवर बोट ठेवलं. तिनं नेमकं तिथलंच वाढलं.

ओस्वाल्दो परतले ते घामाघूम, रिकाम्या हातानं. झोपेतून उठवलेल्या खाटकालाही पालांका ठाऊक नव्हती. “व्याहीबुवा, माफ करा, पालांका काही...”

“अहो, काय पालांका आहे!” एर्नान भरल्या तोंडानं म्हणाले. “आमच्याकडंही इतकी मऊ मिळत नाही.”

त्यांच्या ताटात होता वासिओ, पोटाच्या कडेचा तुकडा. ओस्वाल्दोंनी स्वतःच सकाळी जाळीवर टाकलेला. डोंगरापलीकडं त्यालाच पालांका म्हणत होते तर!

“भाजणाऱ्यासाठी टाळ्या होऊ द्या,” एर्नान म्हणाले. ओस्वाल्दो सवयीनं पुढे होऊन वाकले. टाळ्या मात्र लुसिलाकडे तोंड करून वाजत होत्या. ते तसेच वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

“आईबाबा, मी ठरवलंय,” चिमटा खांद्यावर टाकत लुसिला म्हणाली. “पुढच्या रविवारपासून जाळी माझी. आणि बाबा, टोमॅटो जरा बारीक चिरा.”