पाटी वाचायला गेलेली होडी

शनिवारी बॉस्टनहून एक वकील येणार आणि होडी विकत घेऊन जाणार, हे डॅरेलने आईला सांगितलं ते जेवता जेवता, शेवंडीची नांगी फोडत. जणू मीठ मागावं इतक्या सहज.

व्हर्ना बीलने हातातला काटा खाली ठेवला. “आणि मला कधी विचारलंस?”

“आई, शहात्तर वर्षांची झालीस. एकटी शीड उभारून जातेस. उद्या समुद्रात पडलीस तर मी कुठे शोधू?”

“पाण्यात शोध. समुद्रात पडलेलं माणूस आणखी कुठे सापडणार?”

होडी व्हर्नाच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली, कागदोपत्री व्हर्नाच्याच नावावर. पण मुलं मोठी झाली की आईबापांचं भलं परस्पर ठरवून टाकतात, आणि वर आईबापांनी आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवतात. व्हर्नाने वाद घातला नाही. सकाळी डॅरेल शेवंडीचे पिंजरे उचलायला गेला, तशी तिने नणंदेला उठवलं.

“चल लिओना, गल बेटाला एक फेरी मारून येऊ.”

“डोकं फिरलंय का तुझं? पक्ष्यांची वीण चालू आहे. ऑगस्ट संपेपर्यंत तिथे उतरायला बंदी आहे.”

“उतरतंय कोण? लांबून बघायचं. बघायला सरकारची परवानगी लागत नाही. अजून तरी.”

लिओना आयुष्यभर भावजयीला नाही म्हणत आली होती आणि आयुष्यभर तिच्या मागोमाग जात आली होती. तिने काकवीच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला आणि निघाली. चष्मा मात्र घरीच राहिला.

वारा छान होता. तासाभरात बेट जवळ आलं. साठ वर्षांत तिथे माणसाची चूल पेटली नव्हती. सगळं राज्य सुरय पक्ष्यांचं आणि सीलांचं. या वर्षी किनाऱ्यावर एक नवी कोरी पाटी उभी होती.

“काय लिहिलंय गं?” व्हर्नाने विचारलं.

“दिसत नाही. जरा जवळ घे.”

व्हर्नाने सुकाणू वळवलं.

“‘सावधान.’ पुढचं बारीक आहे. अजून घे की!”

व्हर्नाने अजून घेतलं.

“हां, आता लागलं. ‘या पाटीपासून... शंभर फूट... दूर राहा.’”

तेवढ्यात होडीच्या बुडातून खर्रकन आवाज आला आणि होडी वाळूगोट्यांत रुतली. त्यातही वेळ अशी साधली की पौर्णिमेचं उधाण होतं आणि भरती अगदी टोकाला पोचली होती. आता पाणी उतरणार, आणि पुन्हा एवढं चढायला अमावस्या उजाडणार. दोघींनाही ते न बोलता कळलं.

लिओनाने वायरलेसवर मदत मागितली, त्यामुळे सगळ्या गावाला बातमी फुकटात मिळाली. पहिला आला तो अभयारण्याचा अधिकारी, रॉयस. तोवर पाणी हटलं होतं, होडी एका कुशीवर कलंडली होती आणि दोघी तिरक्या बसून बिस्किटं खात होत्या.

“मिसेस बील, खाली उतरा!”

“उतरले तर गुन्हा ना?”

“हो. म्हणजे तसा...”

“मग नाही उतरत. मी होडीत आहे आणि होडी समुद्रात आहे.”

“होडी कोरड्यावर आहे हो!”

“ते समुद्राला सांग. पाणी तो घेऊन गेलाय.”

एवढ्यात सुरय खवळले आणि डोक्यांवर झडप घालू लागले. लिओनाने डबा डोक्यावर पालथा घातला. उरलेली बिस्किटं घरंगळत बेटावर गेली. शेवटी डॅरेल येऊन पोचला आणि व्हर्नाला रॉयसच्या पाठुंगळी बसवून त्याच्या लाँचपर्यंत न्यावं लागलं. “माझं पाऊल बेटाला लागलं नाही, हे लिहून घे,” ती त्याच्या कानात ओरडत होती.

डॅरेलने वकिलाला फोन करून पंधरा दिवसांची मुदत मागितली. ते पंधरा दिवस व्हर्नाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बिणीने आपली कललेली डोलकाठी तेवढी दिसे. तिचा जीव तुटत होता. डॅरेलला ते कळू नये म्हणून ती त्याच्याशी कशावरूनही भांडत होती.

अमावस्येच्या भरतीला सगळे बेटापाशी जमले. डॅरेल मोटरबोट आणि जाड दोर घेऊन आला होता, वकील नव्या बुटांत होता, आणि व्हर्ना निरोप घ्यायला आली होती. पाणी होडीला लागलं. दोर बांधायला रॉयस होडीवर चढला आणि तिथेच थबकला. एका सुरयने त्याची टोपी उडवली.

“बांध की दोर!” डॅरेल ओरडला.

“नाही बांधता येणार. दोरखंडाच्या वेटोळ्यात तीन अंडी आहेत. अंडी असलेलं घरटं हलवायचं नाही, कायदा आहे.”

“घरटं कसलं, माझी होडी आहे ती!”

“तुझी?” व्हर्ना म्हणाली.

वकिलाने विचारलं, “किती दिवस?”

“पिल्लं उडेपर्यंत. आणि परवानगी आजच्या भरतीपुरतीच होती. बाकीच्यांची वीण ऑगस्टपर्यंत चालणार, तोवर इथे दोर ओढायला कुणी यायचं नाही.”

वकिलाला होडी जुलैसाठी हवी होती. कायदा तोही जाणून होता. “हे बरोबर सांगतायत,” तो म्हणाला, “मी दुसरी बघतो.”

डॅरेल लालबुंद झाला. “आई, हे तू मुद्दाम केलंस!”

“अंडी काय मी घातली?”

रॉयसने खिशातून घरट्याच्या नोंदीचा कागद काढला. “जागेच्या मालकाचं नाव?”

डॅरेलने तोंड उघडलं.

“व्हर्ना बील,” व्हर्ना खणखणीत आवाजात म्हणाली. “आणि पुढे लिही, विकायची नाही.”

“त्याला रकाना नाही, मिसेस बील.”

“मग समासात लिही.”

रॉयसने एकदा डॅरेलकडे पाहिलं, एकदा व्हर्नाकडे पाहिलं, आणि समासात लिहिलं.