फसवणुकीची मागची बाजू

बुधवारी सकाळी सव्वादहाला सर मधल्या खोलीत उभ्यानं वाचत होते. सर कधी उभ्यानं वाचत नसत. खरं सांगायचं तर सर कधी वाचतच नसत. ते मुख्य संपादक होते. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे कार्डबाईंना दारातच, चप्पल काढतानाच कळलं.

"बाई, हे काय आहे?"

"नमुना पुस्तिका, सर. उद्याच्या समितीसाठी. तुम्हीच छापायला दिलीत."

"ते मला कळतं. ह्यात मी काय करतोय?"

आता ह्यात सर काय करत होते हे समजायला हवं, तर आधी कार्यालयात यायला हवं. जिना जपून चढा, खाली चपलांचं दुकान आहे आणि पायऱ्यांवर खोकी असतात. वर तीन खोल्या. इथे इंग्रजी-मराठी कोश तयार होतो. पहिल्या खोलीत सर बसतात. शेवटच्या खोलीत अक्षरजुळणीचे काका त्यांच्या यंत्राशी पुटपुटत असतात. मधल्या खोलीत तीन टेबलं आहेत, पैकी दोन टेबलांवरची माणसं कंटाळून केव्हाच निघून गेली. तिसऱ्यावर कार्डबाई. सहा वर्षं.

प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक कार्ड. पुढच्या बाजूला शब्द, त्याची छटा आणि एक उदाहरण. मागच्या बाजूला ते वाक्य कधी, कुठे, कुणाच्या तोंडून ऐकलं त्याची नोंद. तळाशी 'तपासले' आणि सरांची सही. हा मागच्या बाजूचा नियम सरांचाच. पहिल्या दिवशी टेबलावर बोटं आपटून ते म्हणाले होते की रचलेलं उदाहरण म्हणजे कोशाशी बेइमानी. ऐकलेलं, पाहिलेलं, घडलेलं तेवढंच घ्यायचं. आणि तपासणी म्हणाल तर ती जेवणानंतर व्हायची. सर डोळे अर्धे मिटून पेन धरून बसायचे आणि बाई पेनाखालून एकेक कार्ड ओढायच्या. एका दुपारी शंभर.

कार्डं ठेवायला दुकानदार रिकामी खोकी देतो. त्यामुळे पक्षी 'लेडीज, पाच, तपकिरी'मध्ये राहतात, हत्यारं 'गमबूट'मध्ये. शब्दांचे गट वाटले तेव्हा इतरांनी पक्षी घेतले, झाडं घेतली, भांडीकुंडी घेतली. फसवणुकीचे अडतीस शब्द कुणालाच नको होते, ते बाईंकडे आले. पक्ष्यांसाठी लोकांना खिडकीत तासन् तास बसावं लागलं. फसवणुकीसाठी बाईंना खुर्चीतूनसुद्धा उठावं लागलं नाही.

खोकं : 'जेंट्स, नऊ, काळा'. वरची काही कार्डं.

ब्लफ. हातात काही नसताना मूठ झाकून धरणे.
उदा. "चार खंड तयार आहेत हो, नुसता शेवटचा हात फिरवायचाय."
मागे : ३ तारीख, सकाळी अकरा, टेलिफोन. बोलणारे : सर. तयार खंड : दीड.

चीट. नियम सगळ्यांना, सूट स्वतःला.
उदा. "हजेरीत साडेदहाच लिहा, भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे."
मागे : १९ तारीख, पावणेबारा. बोलणारे : सर. घड्याळ तपासले. बरोबर होते.

फिब. छोटी, पचेल अशी थाप. सांगणाऱ्याला लाज कमी आणि ऐकणाऱ्याला राग कमी.
उदा. "शर्ट धुण्यात आटला."
मागे : रविवार, घर, आरशासमोर. बोलणारे : नवरा. शर्ट मोजला. आटलेला नाही.

डिसीव्ह. ह्यावर बाईंनी एक पूर्ण आठवडा घालवला होता. चीट करायला नियम लागतो, डिसीव्ह करायला विश्वास लागतो. म्हणून परक्यापेक्षा घरच्याला सोपं जातं.

आणि त्याच्या खाली, कडा मळलेलं एक :

स्ट्रिंग अलाँग. 'नाही' न म्हणता झुलवत ठेवणे.
उदा. "बाई, सहसंपादक म्हणून तुमचं नाव पुढच्या वेळी नक्की."
मागे : सहा तारखा, एकाखाली एक. बोलणारे : सर. शब्द दर वेळी तेच.

ह्या शेवटच्या कार्डावर तर सरांची सही विशेष ऐसपैस आली होती.

अडतीसपैकी दोन कार्डं मात्र कोरी राहिली होती. एक 'कव्हर-अप', कारण आजवर कार्यालयात झाकावं असं काही बाहेरच आलं नव्हतं. दुसरं 'व्हाइट लाय'. कुणाचंही नुकसान न करणारं, ऐकणाऱ्याचं भलंच करणारं खोटं. बाईंनी सहा वर्षं त्याचा माग काढला. उमेदवार पुष्कळ मिळाले, पण चौकशी केली की प्रत्येकाच्या मागे कुणीतरी दुखावलेलं निघायचंच. असा शब्द इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी काढला असावा, असं त्यांचं मत होत चाललं होतं.

तर समिती येणार होती. काम पुढे चालू ठेवायचं की खोकी चपलांना परत द्यायची, हे ती ठरवणार होती. दाखवण्यासारखा गट एकच होता. सरांनी नेहमीप्रमाणे न बघता तो गठ्ठा काकांकडे दिला. काकांनी मागे एकदा एक पूर्णविराम गाळला होता, तेव्हा सर त्यांना इतकं बोलले होते की काकांनी तो हुकूम यंत्राच्या वर भिंतीवर लावून टाकला : 'कार्डावरचं काहीही गाळायचं नाही.' काकांनी काहीही गाळलं नाही. पुढची बाजू छापली, मागचीही छापली. तारखांसकट, वेळेसकट, बोलणाऱ्यासकट. पंचवीस प्रती.

"मागचं पुढे आलंच कसं?" सरांनी विचारलं.

काकांनी शेवटच्या खोलीतून भिंतीकडे बोट दाखवलं.

बाईंना पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा तो नमुना कागद आठवला, जो सरांनी परवा स्वतःच्या हातानं लिहून काकांना दिला होता. 'संपादक' म्हणून सरांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'साहाय्य : कार्यालय'. कार्यालयात तीन टेबलं, पाण्याचं पिंप आणि त्या. ह्यातलं साहाय्य नेमकं कुणी केलं ते वाचकानं ओळखायचं. बाई ताठ उभ्या राहिल्या.

सर म्हणाले की सगळी उदाहरणं बदलायची, आत्ताच्या आत्ता. बाई म्हणाल्या की प्रत्येक कार्डावर सरांची सही आहे.

"मी काय वाचून सह्या करतो?"

बाईंचा हात कोऱ्या कार्डाकडे गेला.

"लिहू नका," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगायला सुरुवात केली, "हे घ्या. एका मनुष्याने दुसऱ्या मनुष्यास फसविले."

"कुठल्या मनुष्यानं?"

"कुठल्याही."

"कधी?"

"बाई, कधीही."

"मग मागे काय लिहू?"

"मागे काही नाही. मागची बाजू कोरी."

"कोरं कार्ड कोशात जात नाही. नियम तुमचा आहे, सर. मी नाही मोडायची."

सर म्हणाले की उद्या समितीपुढे बाई नसल्या तरी चालेल. बाई म्हणाल्या, चालेल की, फक्त चार हजार कार्डांपैकी 'धातू' कुठल्या नंबरच्या चपलेत आहेत ते सरांनी आजच पाठ करून ठेवावं. सरांनी खोक्यांच्या त्या भिंतीकडे एकदा पाहिलं. सँडल, बूट, सपाता. मग ते गोंद आणायला गेले.

युक्ती अशी होती : कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक उदाहरणावर, त्याखालच्या मागच्या नोंदीसकट, चिकटवायच्या. अडतीस शब्दांपैकी दोन कोरे, उरले छत्तीस, गुणिले पंचवीस. नऊशे पट्ट्या. काका कापणार, सर चिकटवणार. बाईंनी ब्रशला हात लावायला साफ नकार दिला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिल्या. दुपारपर्यंत सरांच्या बाहीला गोंद लागला, चारपर्यंत चष्म्याला. तेवढ्यात काकांना उद्देशून त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं, आणि बाईंनी सहा वर्षं कोरं पडलेलं कार्ड पुढे ओढलं.

कव्हर-अप. झालेलं झाकायला नवं काहीतरी करणे. झाकण बहुधा भांड्यापेक्षा मोठं असतं.
उदा. "पट्टी जरा रुंद कापा, कडेनं अक्षर दिसतंय."
मागे : बुधवार, सव्वाचार, मधली खोली. बोलणारे : सर.

कार्ड त्यांनी सरांच्या पुढ्यात सरकवलं. सरांनी सवयीनं सही केली. मग ते काय आहे हे लक्षात येऊन त्यांनी ते फाडायला उचललं, पण ते तळव्यालाच चिकटलं. दुसऱ्या हातानं सोडवायला गेले तर दुसऱ्यालाही. नमस्कार केल्यासारखे हात जोडून मुख्य संपादक खोलीत उभे राहिले.

"राहू द्या, मी सोडवते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ओल्या फडक्यानं कार्ड अलगद सोडवून सुकत ठेवलं. सही शाबूत होती.

गुरुवारी समिती आली. तिघंजण : एक निवृत्त न्यायाधीशबाई, एक डॉक्टर आणि एक मान हलवणारे गृहस्थ. पहिल्या खोलीत बाई आणि काका भिंतीशी बसले, पंखा फुल ठेवला होता, आणि तिथेच घात झाला. गोंद स्वस्तातला, पट्ट्या हलक्या. सरांचं प्रास्ताविक चालू असताना डॉक्टरांच्या पुस्तिकेतून पहिली पट्टी उठली, तरंगली आणि गृहस्थांच्या मांडीवर बसली. मग दुसरी. न्यायाधीशबाईंची पट्टी घट्ट होती, पण त्यांनी आयुष्यभर झाकलेलंच बघितलं होतं. त्यांनी ती नखानं उचलली.

"'चार खंड तयार आहेत हो,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'तयार खंड, दीड.'"

डॉक्टर आधी खोकले, मग तो खोकला नाही हे लपवणं त्यांना जमेना. न्यायाधीशबाई मात्र शांतपणे एकेक पट्टी काढत वाचत गेल्या. चीट, डिसीव्ह, फिब. शर्टापाशी थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं हे शब्द माझ्यापुढे रोज यायचे. मी सगळ्यांना 'फसवणूक' म्हणून मोकळी व्हायचे. एकेकाची जात वेगळी आहे हे आज कळतंय. काम चालू राहायला हवं. ही उदाहरणं कुणाची?"

"कार्यालयाची," सर म्हणाले.

न्यायाधीशबाईंनी पुस्तिका मिटून पहिलं पान उघडलं. "पण इथे तर नाव आहे."

होतं. 'साहाय्य : कार्यालय'च्या जागी 'सहसंपादक' होतं आणि पुढे बाईंचं नाव, आडनावासकट, सरांच्या नावाएवढ्याच अक्षरात. काल दिवसभर सर आतल्या पानांवर इतके वाकले होते की पहिलं पान कुणी पाहिलंच नव्हतं. सरांनी काकांकडे पाहिलं. काका पंख्याची पाती मोजत होते.

बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. सहा वर्षं ज्याच्यासाठी घासली ते पानावर आलं होतं. पण 'जेंट्स, नऊ, काळा'मध्ये ह्यालाही एक शब्द होता, 'ट्रिक', आणि गप्प बसलं तर त्याच्या मागे काकांबरोबर आपलंही नाव लिहावं लागेल हे त्यांना सोसेना.

त्या उठल्या. "हे नाव इथे असं यायला नको होतं," त्या म्हणाल्या. "यायला हवंच होतं, पण चोरपावलानं नाही. मी सहा वर्षं उघड मागतेय. सरांना द्यायचं असेल तर आत्ता तुमच्यासमोर द्यावं. द्यायचं नसेल तर झाकून टाकावं. गोंद त्यांच्याकडे आहे."

सरांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. अंगठ्यावर अजून पांढरा पापुद्रा होता.

"छे," ते अखेर म्हणाले. "बाईंना कल्पना नाही. ते नाव मीच घालायला सांगितलं होतं. म्हटलं, समितीसमोरच कळू दे."

न्यायाधीशबाईंनी काकांकडे पाहिलं. काका पापणीही न लववता म्हणाले, "हो ना. मोठ्या अक्षरात घाला म्हणाले."

समिती खूश होऊन जिना उतरली. मधल्या खोलीत बाईंनी शेवटचं कोरं कार्ड काढलं, पुढची बाजू लिहिली, मागची लिहिली आणि कार्ड सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

व्हाइट लाय. कुणाचंही नुकसान न करणारं खोटं. फार दुर्मीळ.
उदा. "ते नाव मीच घालायला सांगितलं होतं."
मागे : गुरुवार, पाऊणला पाच कमी, पहिली खोली. बोलणारे : सर. अनुमोदन : काका.

सरांनी पेन उघडलं. मग, सहा वर्षांत पहिल्यांदाच, सहीआधी चष्मा लावला. पुढची बाजू वाचली, उलटून मागची वाचली.

"म्हणजे आता मुख्य खंडातही नाव ठेवावं लागणार," ते म्हणाले.

"नाहीतर हे कार्ड 'ब्लफ'मध्ये जाईल."

सरांनी सही केली.

"एक विचारायचं राहिलं," बाई दारात थांबून म्हणाल्या. "कार्डासाठी. नुकसान कुणाचंच नाही, हे पक्कं लागतं. सर, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"मला? छे. मला कशाला वाईट वाटेल?"

बाई जागेवर आल्या. त्यांनी 'फिब'चं जुनं कार्ड काढलं आणि नवऱ्याच्या शर्टाखाली दुसरं उदाहरण लिहायला घेतलं.