बसून दिलेली वर्गणी

यासीनचाचा उभ्या माणसाकडून वर्गणी घेत नाहीत. देणाऱ्याने आधी त्यांच्या दुकानातल्या बाकावर बसायचं, चहा घ्यायचा, घरच्यांची खुशाली सांगायची आणि मगच खिशात हात घालायचा. एकदा सरपंचांनी मोटारसायकलवरूनच पाचशेची नोट पुढे केली, तर चाचांनी हात मागे घेतला. "उभ्यानं देल्ली ते भीक. बसून देल्ली ते वर्गणी," ही त्यांची व्याख्या. सरपंच मोटारसायकलवर बसलेलेच होते, हा मुद्दा मी मांडून पाहिला.

"गाडी चालू होती बाबू," चाचा म्हणाले.

अमडापुरात त्यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. मी शाळेत लिपिक. आमच्या समितीचे ते खजिनदार आणि मी सचिव. समितीकडे एक जुनी जीप आहे. कपाशी फवारताना औषध अंगात भिनलं की त्या माणसाला फुकट चिखलीच्या दवाखान्यात पोचवायचं, एवढंच आमचं काम. नव्या बियाण्याला अळी लागत नाही असं ऐकून लोकांनी कपाशी लावली. अळीने ते ऐकलेलं नव्हतं. फवारे वाढले, तशा जीपच्या फेऱ्या वाढल्या आणि वर्गणी आटली, कारण वर्गणी देणारे तेच, ज्यांची कपाशी गेली.

यंदा जीपच्या टाकीत डिझेल नव्हतं, चालकाचा पगार थकला होता आणि फवारणी तोंडावर आली होती. तेव्हा बाहेरगावी गेलेल्या पोरांकडून मोबाइलवर देणग्या मागवायचं ठरलं. मी दोन मार्ग मांडले. क्यूआर कोड फुकट. पैसे थेट बँकेत येतात, पण देणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. दुसरा मार्ग म्हणजे एका कंपनीची लिंक; तिच्यात देणारा फोन नंबरही भरतो, पण कंपनी शंभराला दोन रुपये कापते. निर्णय उघड होता. चाचांनी लिंक निवडली.

हे दोन रुपये कशाचे द्यायचे, असं मी विचारलं.

"नंबराचे. नंबर नसला तर त्याले बसा कसं म्हणू?"

समिती हसली. चाचा हसले नाहीत. खजिनदार बदलायचा तर दुसरा लागतो, आणि ते व्हायला कोणी तयार नव्हतं. लिंक मंजूर झाली.

पहिल्या आठवड्यात सात जणांनी पैसे भरले आणि सातही जणांना चाचांचा फोन गेला. पुण्यात बसमध्ये उभ्याने लोंबकळणाऱ्या एकाला त्यांनी जागा मिळाल्यावर फोन करायला सांगितलं. त्याला बहुधा अजून जागा मिळालेली नाही. नाशिकच्या एका बाईंना हा फसवणुकीचा फोन वाटला, त्यांनी पैसे परत मागितले. ते मी परत केले. कापलेले दोन टक्के आमच्या अंगावर पडले.

आता आशा होती ती संतोषची. हा आमच्या गावचा, पुण्यात एका कारखान्यात आहे. त्याने एक्कावन्न रुपये भरून लिंक चालते का ते पाहिलं होतं. चालली तर कारखान्यातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकतो, असा त्याचा निरोप होता. तेवढ्यावर आमचा हंगाम निघाला असता. याला तरी बसवू नका म्हणून मी चाचांना हात जोडले. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बसला का रे बेटा?"

संतोष बसलेलाच होता. ग्रुपचं विचारा, असं मी खुणावत होतो. पण विचारलं संतोषनेच, आणि ते भलतंच. त्याचा धाकटा भाऊ गजू गेल्या वर्षी फवारताना कोसळला होता. चिखली यायच्या आधीच, आमच्या जीपमध्ये तो गेला.

"चाचा, तुम्ही होते ना गाडीत? गजू काही बोलला का?"

चाचांनी हातातला पंपाचा वॉशर खाली ठेवला.

"हाव. बोलला ना. भाऊले सांगा म्हणे, मले काही दुखून नाही राह्यलं. तुह्यं नाव घेतलं त्यानं."

नंतर बराच वेळ पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. मी कागदावर 'ग्रुप' असं लिहून पुढे सरकवलं. चाचांनी कागद उलटा केला, संतोषला जेवलास का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

"आज त्याले पैसे नाही मागत, बाबू."

दुसऱ्या दिवशीही मागितले नाहीत, नंतरही नाहीत. मला मागू दिले नाहीत. ग्रुपवर लिंक टाकायचं संतोषला पुन्हा सुचलं नसावं. आता फवारणी जोरात आहे आणि जीप दुकानामागे झाकून ठेवली आहे. कोणी विचारायला आलं की मी नकारार्थी मान हलवतो.

गजूला नेलं तेव्हा त्याचे पाय माझ्या मांडीवर होते. अमडापूर सोडल्यापासून त्याने डोळे उघडले नाहीत की ओठ हलवले नाहीत. त्याच्या तोंडावर वाकून चाचाच सगळा रस्ता बोलत होते, "निघाला बेटा तुहा भाऊ पुण्याहून. येऊनच राह्यला."