वाघमारे सरांचे बिल्ले

लॅबला कुलूप लावण्याआधी वाघमारे सर रिकाम्या खोलीत डोकं घालून तीनदा ओरडायचे, "आत कोन हाये?" आत सात कॉम्प्युटर आणि एक पाल. तरी सर उत्तराची वाट बघायचे. तेलंगणातल्या बेल्लमपल्लीच्या आमच्या कॉलेजातला हा रोजचा फुकट तमाशा, आणि शेजारच्या टेबलावरचा मास्तर म्हणून मी पहिल्या रांगेत.

सर मूळचे वांकिडीचे. पोरांसाठी त्यांनी सोप्या हुकमांची एक प्रोग्रॅमिंग भाषा रचली होती. पोरांनी लिहिलेलं ओळीओळीनं वाचून मशीनकडून करून घेणारा इंटरप्रिटरही त्यांचाच, तीन वर्षं खपून लिहिलेला. तो शंभरातून एकदा मधेच कोसळायचा.

"पर्वालेदु सार, कुछ नहीं होता, बंद करके फिर चालू करो," प्रिन्सिपॉल म्हणाले. सोमवारी वर्गाला द्या, नाहीतर विकतचा आणतो.

"पडते काऊन, ते समजल्याबगर देत नाई," सर म्हणाले. गाढवाला लाजवील असा हट्ट!

शनिवारी त्यांनी लॅबच्या फरशीवर खडूनं चौकोन आखले. हे मेमरीतले कप्पे. एकात मला आणि शिपायाला उभं केलं, प्रत्येकाच्या नावानं सोड्याच्या बाटलीचं एक झाकण घेतलं. बाहेर पडणाऱ्याचं झाकण खिळ्याला टांगायचं. सगळी टांगली की कप्पा रिकामा समजून दुसऱ्याला द्यायचा. सर प्रोग्रॅमची ओळ वाचत, आम्ही हलत होतो.

एका ओळीला शिपाई बाहेर पडला, झाकण टांगलं गेलं. पुढच्याच ओळीनं पुन्हा एक टांगायला सांगितलं. उरलं होतं माझंच. तेही टांगलं. मी आत उभा असतानाच कप्पा रिकामा ठरला आणि हुकमाप्रमाणे शिपाई टेबल घेऊन माझ्या अंगावर आला.

"सापडलं!" मी गुडघा चोळत ओरडलो. सर मात्र खाली बसले.

"मास्तरकीच्या आधी मी कोळशाच्या खाणीत, खाली जानाऱ्याले दिवे देते त्या खोलीवर होतो," ते म्हणाले. "पाळी सुटली का जो तो आपला पितळी बिल्ला बोर्डावर टांगाले आनून देये. एकदा नामदेवचा बिल्ला त्याच्या दोस्तानं आनला. तो मांगून येऊन राह्यला, म्हने. म्या टांगला. बोर्ड भरला, म्हंजे सगळे वर आले. शोधाले कोनी गेलंच नाई."

"नामदेव कोण?"

"माहा लहाना भाऊ."

सरांनी उठून झाकण पुन्हा टांगायला लावणारी ती एक ओळ खोडली. संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम चालवत राहिलो, एकदाही पडला नाही.

निघताना सर दारात थांबले. "आत कोन हाये?"

मी आत गेलो, टेबलांखाली वाकून पाहिलं आणि बाहेर आलो. "कोणी नाही सर. मी बघून आलो."

त्या दिवशी त्यांनी एकदाच विचारून कुलूप लावलं.