सटवाआप्पांचं चार दारांचं घर

सटवाआप्पांच्या घरी गेलं की आधी पाय वर घ्यावे लागत. या, बसा, पाणी घ्या, हे सगळं मागाहून. दारात सावली दिसली की आतून हाक यायची, "पाय वर!" आणि आलेला माणूस, मग तो कितीही मोठा असो, टुणकन बाजेवर चढून मांडी घालून बसायचा. कारण खाली जमिनीवर कुठं ना कुठं आप्पांचं काढलेलं असायचं. आज चुलीपुढं, उद्या जात्याजवळ, परवा देवळीखाली. चुलीपुढं असलं की स्वयंपाक अंगणात तीन दगडांवर. बाजेखाली असलं की बाज भिंतीला उभी आणि आप्पा ओट्यावर निजलेले.

दिसायला ती रांगोळीच. पण तसं म्हटलेलं आप्पांना चालायचं नाही. "रांगुळी बाया काढतेत. हे मंडल हाय," असं ते ठणकावून सांगायचे. बायांच्यापेक्षा सुबक काढायचे, हेच माझं खरं दुखणं होतं.

मी लग्न होऊन गंगाखेडात त्यांच्या शेजारी नांदायला आले, तेव्हा रांगोळीत माझा हात धरणारं आमच्या राणीसावरगावात कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात आप्पा आमच्या उंबऱ्यापाशी उकिडवे बसले, माझं कमळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, लय नामी हाय. पर दार कुठंय?"

"रांगोळीला दार कशाला हवं?"

"मग माणसानं आत जायचं कसं?"

मी रांगोळीची वाटी आदळून घरात गेले. मिशीवाल्या माणसानं मला रांगोळी शिकवावी, म्हणजे हद्दच झाली.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या गल्लीतल्या प्रत्येकाची टिंगल करायच्या, पण आप्पांची कधी केली नाही. मी कुरकुरले की म्हणायच्या, "त्येच्या नादी लागू नको." आणि त्यांची एक सक्त ताकीद होती, उंबऱ्यापुढं रोज रांगोळी पडलीच पाहिजे. मामंजी गेले तेव्हा सुतकात रांगोळी कसली काढायची, म्हणून मी दार तसंच ठेवलं. आत्याबाई उठल्या आणि डोळे पुसत स्वतःच चिमूटभर रेघ ओढून आल्या. दुःखानं बाईला भान राहिलं नाही, असं मी धरून चालले.

आप्पा रंगारी. हाताची नखं कायमची निळी. वडिलांचं पिंडदान करायला ते गयेला गेले आणि तिथं तापानं पडले. सोबतचे लोक त्यांना धर्मशाळेत टाकून परत आले. तिथं बुद्धाच्या दर्शनाला उतरलेल्या डोंगराकडच्या लामांनी त्यांना पेज पाजली, उठवलं आणि माघारी जाताना बरोबर नेलं. रंगाचा माणूस म्हणून तिकडं त्यांच्याकडं रंग कुटायचं काम आलं. बऱ्याच काळानं ते घरी परतले, ते मंडल शिकूनच.

त्याचा अर्थ ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. बाहेरचं कडं जाळाचं. त्याच्या आत मसणाचं. त्याच्या आत कमळाच्या पाकळ्या. आणि मधे चार दारांचं घर. "आधी जाळ, मग मसण, मग कमळ, मग घर. दुसरी वाटच न्हाई," हे त्यांचं पालुपद. ते कुठंही लागू पडायचं. कुणाच्या पोरीचं लग्न जमत नसलं, दूध उतू गेलं, आगगाडी चुकली, तरी आधी जाळ, मग मसण. एकदा आमचे हे दाढदुखीनं तळमळत होते, तिथंही आप्पा सुरू झाले. "अहो आप्पा, दाढच दुखायलीय, मसणात कशाला धाडता?" असं हे गाल धरून ओरडले.

"घराच्या मधोमध कोण बसतं?" मी एकदा विचारलं.

"लामा लोक तिथं त्यांचा बुद्ध बसवतेत. म्हणतेत, ज्याला आत बसवाल त्येच्यावानी आपलं मन होत जातंय."

"आणि तुमच्या घरात?"

"हाय एक माणूस," असं म्हणून ते हळदीची चिमूट सोडत राहिले.

संध्याकाळी मात्र सगळं कुंच्यानं कडेकडून मधे लोटायचं, फडक्यात बांधायचं आणि गावालगतच्या नदीत, आमच्या गंगेत, सोडायचं. दिवसभर पाठ मोडून काढलेलं पुसवतं कसं, असं मी विचारलं. "पुसता यावं म्हणूनच काढायचं असतंय," ते म्हणाले. "मला काढायला येतंय. पुसायला आजून जमंना. हात थरथरतोय."

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, घरं पेटत होती. एक दिवस जमादार शिपाई घेऊन आमच्या गल्लीत झडतीला आला. आप्पांच्या घरात शिरला, तर आतून नेहमीसारखी हाक, "पाय वर!" जमादार बाजेवर चढला नाही, पण जागीच थबकला. खाली पाहतो तो कडी, चार दरवाजे, मधे चौक.

"ये किस थाने का नक्शा है रे?"

"थाना नही साहेब. घर है."

"किसका घर?"

"जो मर गया उसका."

ही आपल्यालाच धमकी, असं जमादाराला वाटलं. त्यानं बंदुकीचा दस्ता आप्पांच्या खांद्यात घातला आणि बुटानं सगळं विस्कटून टाकलं. आप्पा कण्हत उठून बसले आणि आम्हाला म्हणाले, "येडा हाय. पुसायचंच हुतं, पर कडंनं सुरू करावं लागतंय."

त्यांना हळद लावताना मला हसू आवरेना, आणि आत्याबाई रडत होत्या.

पुढच्याच आठवड्यात शेजारचं गाव जळालं. गल्लीनं ठरवलं, गंगा ओलांडून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात जायचं. पहाटे गाड्या जुंपल्या. सगळे आले, आप्पा आले नाहीत. आम्ही आत गेलो तर ते कोपऱ्यातली कणगी सरकवून तिथं सारवत बसले होते.

"आप्पा, टोळी यायलीय! चला!" हे ओरडले.

"तुमी व्हा म्होरं. एवढा कणगीखालचा कोपरा ऱ्हायलाय."

आणि मग आजवर जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सरळ सांगून टाकलं. ते गयेकडं असताना इथं पटकीची साथ आली. गल्ली रानात पळाली. त्यांची बायको कौतिका एकटी मागं राहिली आणि गेली, एवढंच त्यांना परत आल्यावर कळलं. तिला उचलून नेणारे दोघंही त्याच साथीत गेले. तिचा जीव नेमका कुठं गेला हे सांगणारं कुणी उरलं नाही. आपल्याकडं माणूस जातं त्या जागी दिवा ठेवतात, पीठ पसरतात. कौतिकासाठी कुणी चिमूटही टाकली नव्हती. "जीव गेला तिथंच माणूस घुटमळतंय. त्या जाग्यावर घर काढून तिला आत बसवायची, मग वाटंला लावायची. खरी जागा लागली की माझा हात थरथरायचा न्हाई. समदं घर झालं, हाच कोपरा ऱ्हायला."

लामांनी असं शिकवलं होतं, की आप्पांनी आपल्याकडची रीत त्यांच्या विद्येला जोडली होती, देव जाणे. ते हलणार नव्हते एवढं खरं. आणि मागं राहिले असते तर त्यांना कापून टाकलं असतं.

हे त्यांचा दंड धरून ओढायला लागले, तेव्हा दारातून आत्याबाई म्हणाल्या, "सोड त्येला." आवाज त्यांचा वाटत नव्हता. "भावजी, कोपरा उकरू नका. तिचा जीव आत न्हाई गेला."

आप्पांनी मान वर केली.

"आमी रानात निघायच्या आदल्या रातीची गोष्ट. ती रांगत रांगत आमच्या दाराशी आली. 'वैनी, पाणी' म्हणली. माझी लेकरं घरात हुती, भावजी. मी आतून कडी लावली. लय येळ म्हणत हुती. सकाळी दार उघडलं, तर आमच्या उंबऱ्यापाशी..."

आमच्या उंबऱ्यापाशी. जिथं मी रोज रांगोळी काढत होते, तिथंच.

आप्पा उठले. कुणाकडं न बघता बाहेर आले आणि आमच्या दारापुढं उकिडवे बसले. गाव सोडायच्या सकाळीही आत्याबाईंनी माझ्याकडून रांगोळी काढून घेतली होती. आप्पा तिच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिले.

"म्हंजे हितं तर रोज घर निघायलंय," ते म्हणाले. मग निळ्या नखानं माझ्या कमळाची एक पाकळी पुसून त्यांनी आमच्या घराच्या बाजूनं दार केलं. "वैनी, पाणी आना."

आत्याबाईंनी तांब्या भरून आणला. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. आप्पांनी तो मधोमध ठेवला आणि डोळे मिटून बसले. गाडीवाले हाका मारत होते, पण आमच्यापैकी कुणी हललं नाही. मग त्यांनी कुंचा मागितला. कडेपासून मधोमध, एका दमात सगळं लोटून घेतलं. हात जराही थरथरला नाही.

गाडीत आत्याबाई मागच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या, तोंड पदरात घालून. आप्पा त्यांच्याशेजारीच बसले, मांडीवर फडक्याची पुरचुंडी. बैल पाण्यात शिरले, चाकं बुडायला लागली, तेव्हा आप्पांनी पुरचुंडीची गाठ सोडली.

"वैनी, पाय वर घ्या," ते म्हणाले. "गंगा आली."

आत्याबाईंनी पाय वर घेतले.