जिभेखाली चार गोळ्या

ज्या घरात औषधांची पेटी येते, त्या घरात आजारी माणसाची उणीव फार काळ राहत नाही. निवृत्त वजनमापे निरीक्षकांच्या घरी होमिओपॅथीची पेटी आली तेव्हा घरातली सहाही माणसं ठणठणीत होती. ही परिस्थिती लवकरच सुधारली.

निरीक्षकांनी उभी नोकरी लोकांचे तराजू तपासण्यात काढली होती. दुकानदाराचं वजन जरा हलकं निघालं, तर ते चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघत की दुकानदारच हलका होई. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. मग ते घरातली चहापत्ती तोलू लागले, तेव्हा थोरल्या मुलाने घाईघाईने ती पेटी आणि तिच्या घरगुती उपयोगाचं एक जाडजूड पुस्तक आणून त्यांच्या हाती ठेवलं. (चहापत्ती वाचली. बाकीच्यांबद्दल पुढे येईलच.)

पुस्तकातलं पहिलं तत्त्व असं: जे निरोगी माणसाला आजारी पाडतं, तेच आजाऱ्याला अगदी थोडं दिलं की तो बरा होतो. कांद्याने डोळ्यांना धार लागते, म्हणून वाहत्या सर्दीवर कांद्यापासून केलेलं औषध. मात्र औषध चालू असताना कांदा वर्ज्य, कारण त्याने औषध मारलं जातं. कांद्याचं औषध कांद्यानेच मारलं जातं, हे निरीक्षकांनी दोनदा वाचलं आणि समाधानाने मान हलवली. सरकारी नोकरीत त्यांनी असे पुष्कळ नियम राबवले होते.

दुसरं तत्त्व जरा जड गेलं. औषधाचा एक थेंब पाण्याच्या नव्व्याण्णव थेंबांत मिसळायचा, त्यातला एक पुन्हा नव्व्याण्णवांत, आणि असं करत जायचं. शेवटी बाटलीत मूळ पदार्थ औषधालाही सापडत नाही, आणि तो जितका सापडत नाही तितकं औषध जोरदार. निरीक्षक दुपारभर छताकडे बघत पडून राहिले. जुन्या कायद्याने बघितलं तर हे सरळसरळ कमी माप होतं. दुकानाला सील ठोकण्याजोगं. संध्याकाळी ते उठले, ते कायदाच अपुरा आहे या निष्कर्षावर.

सकाळी दूधवाला आला तेव्हा ते स्वतः दारात गेले.

"तुम्ही दुधात पाणी घालता ना?"

"नाही हो साहेब, देवाशपथ नाही."

"घालत जा," निरीक्षक म्हणाले. "थोडं थोडं, ढवळून."

दूधवाल्याने त्या दिवसापासून त्या घराला बिनपाण्याचं दूध द्यायला सुरुवात केली. असला माणूस काय करेल याचा नेम नाही, असं त्याचं मत पडलं.

घरात खरा आजार एकच होता, आणि तो दोन जावांच्या मध्ये होता. थोरली सून धुतलेले चमचे रॅकमध्ये दांडा खाली करून ठेवी, म्हणजे हवा लागते. धाकटी दांडा वर करून ठेवी, म्हणजे तोंडात जाणाऱ्या भागाला कुणाचा हात लागत नाही. दोघींचंही म्हणणं शास्त्रशुद्ध असल्यामुळे तडजोडीला जागा नव्हती. रोज सकाळी एकीने रचलेले चमचे दुसरी उलटे करी, आणि मग चमच्यांवरून गोष्ट माहेरापर्यंत जाई.

निरीक्षकांनी दोघींना समोर बसवून पुस्तकाप्रमाणे प्रश्न विचारले.

"राग आला की बरं कधी वाटतं? मोकळ्या हवेत, की पडून राहिल्यावर?"

"ही खोलीतून गेली की," थोरली म्हणाली.

"आणि तुला?"

"मी कशाला जाऊ? ताईच जातात पाय आपटत."

औषध ठरलं. चार गोळ्या, मोहरीपेक्षा मोठ्या, मिरीपेक्षा लहान. हात न लावता झाकणातून थेट जिभेखाली. चावायचं नाही, गिळायचं नाही, पुढे अर्धा तास खायचं-प्यायचं नाही. पुस्तक एवढ्यावर थांबलं होतं. पण निरीक्षक अंमलबजावणीतले, त्यांनी एक कलम स्वतःच्या अधिकारात जोडलं: अर्धा तास बोलायचंही नाही. तोंड उघडलं की औषध उडतं.

गुण थक्क करणारा होता. भांडण उकळी घेऊ लागलं की निरीक्षक बाटली घेऊन हजर. अर्ध्या तासाने तोंडं उघडली की थोरलीला भांडणात नेमकी कुठे होते ते आठवेना, आणि धाकटीची भाजी लागलेली असे. पुढे दोन्ही मुलग्यांनाही डोस सुरू झाले. सहांपैकी चौघांना गुण आला, पाचवे खुद्द वैद्य होते, आणि सहावं माणूस म्हणजे त्यांची बायको. तिने पहिल्याच दिवशी "मला काही झालेलं नाही" म्हणून सांगितलं. (पुस्तकाच्या मते हे दुखणं मुरल्याचं लक्षण आहे.)

एखाद्या दिवशी अर्धा तास संपल्यावर भांडण दुप्पट जोराने पेटे. निरीक्षक तेव्हा जास्तच खुलत. दुखणं वाढलं, तर औषधाने ते वर काढलं. कमी झालं, तर गुण आला. आहे तसंच राहिलं, तर औषध आत खोलवर काम करतंय. चौथी शक्यता पुस्तकात नव्हती आणि घरातही कुणाला सुचली नाही.

आणि वैद्यकी अशी भरात असताना दोन्ही जावांचं अचानक एकमत झालं. स्वयंपाकघराच्या मधोमध फळ्यांची भिंत घालायची. दोन चुली, दोन रॅक, ज्याचे त्याचे चमचे. मुलांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सुताराला बोलावलं. भिंत झाल्यावर म्हाताऱ्या दोघांनी कुठल्या बाजूला जेवायचं, हे कुणी काढलं नाही. निरीक्षकांनीही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी चहापत्ती पुन्हा तोलली, एवढंच.

सुतार आला, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "बोला, कुठून घेऊ?"

"नळाच्या पलीकडून," थोरली म्हणाली.

"अलीकडून," धाकटी म्हणाली.

नळ एकच होता.

"नळ माझ्या बाजूला येतो."

"का? लग्नात आणला होतात का?"

एवढ्यात निरीक्षक पेटीतली सगळ्यात जोरदार बाटली घेऊन आत आले. या वेळी डोस सहांना: दोन सुना, दोन मुलगे, स्वतः ते, आणि राहायला नको म्हणून सुतारसुद्धा.

"माझं काय दुखतंय?" सुताराने विचारलं.

"काही नाही. दुखू नये म्हणून. आ करा."

सहा तोंडं मिटली. आणि निरीक्षकांची बायको पदराला हात पुसत स्टूल ओढून बसली.

"कुणी बोलू नका हं, औषध उडेल," ती म्हणाली. "भिंत घाला खुशाल. जिच्याकडे नळ नाही, ती घागर घेऊन दुसरीकडे येणार. आत्ता चमच्यांवरून एकदा भांडता, मग घागरीगणिक भांडाल. चमचे उद्यापासून मी लावीन. आडवे. आणि आम्ही दोघं जेवायला कुणाकडे, ते मला आत्ताच सांगा."

थोरलीने धाकटीकडे बघितलं, धाकटीने नळाकडे.

"बरं. म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," ती म्हणाली. "आणखी एक. या बाटल्यांतलं औषध केव्हाच मुंग्यांनी खाल्लं." (मुंग्यांच्या प्रकृतीबद्दल माहिती उपलब्ध नाही.) "तेव्हापासून मी त्यांत केकवर टाकायच्या साखरेच्या गोळ्या भरतेय. या घरात मी बोलले आणि मध्ये कुणी तोंड घातलं नाही, असं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं. मी कशाला सांगू?"

निरीक्षकांच्या कपाळावरची शीर उडू लागली. पण नियम त्यांचाच होता. अर्धा तास ते गोळ्या चघळत नव्हते, गिळत नव्हते, नुसते बघत होते. शेवटी घड्याळाचा काटा जागेवर आला.

"म्हणजे औषधात औषधाचा अंशही नव्हता?"

"नव्हता."

"तरीच," निरीक्षक हळूच म्हणाले. "तरीच एवढं जोरदार निघालं."

भिंत झाली नाही. सुताराने आणलेल्या फळीचा चमच्यांसाठी आडवा ट्रे करून दिला आणि जाताना दारात घुटमळला. घरी आई आणि बायको दोघी असतात, बाटलीभर गोळ्या मिळतील का, असं त्याने विचारलं. धाकटीने बाटली दिली आणि थोरलीने अर्ध्या तासाचं कलम समजावून सांगितलं.

वाचकांसाठी थोडी माहिती. हा मजकूर हासुद्धा एक डोसच आहे. वाचून हसू आलं असेल तर गुण आला, राग आला असेल तर दुखणं वर आलं, काहीच झालं नसेल तर आत खोलवर काम चालू आहे. त्यात अर्थाचा अंशही सापडला नसेल, तर मात्रा फारच जोरदार बसली असं समजावं. अट एकच, वाचताना तोंड उघडायचं नव्हतं. मघाशी घरातलं कुणीतरी तुमच्याशी काहीतरी महत्त्वाचं बोलत होतं आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. त्या "हं"ने सगळं औषध उडालं. आता पहिल्या ओळीपासून पुन्हा घ्यावं लागेल. त्याआधी ते काय बोलत होते, तेवढं विचारून या.